सगळं घर हिरवं

मौजे बोरखेड, तालुका गेवराई
कार्तिक शुद्ध षष्ठी, शके १८३५

त्रिंबक,

आशीर्वाद आहेतच. ते काही तू पत्र पाठवलंस म्हणून नव्यानं देत नाही. आबांच्या वर्षश्राद्धाला तू आलास, जेवलास, हात वाळायच्या आत बैलगाडीत बसून जालन्याची वाट धरलीस. त्यानंतर आज तुझं अक्षर पाहिलं, आणि तेही कशासाठी, तर घराला रंग द्यायचा म्हणून. अक्का, तू कशी आहेस, हे अगदी शेवटच्या ओळीत. शाई उरली असेल म्हणून लिहिलं असशील.

तुझं खोकं पोचलं. शहागडला गोदागंगा ओलांडताना गाडीवानानं ते डोक्यावर धरलं होतं म्हणे, मी म्हटलं काय सोनंनाणं आहे. उघडलं तर लाकडाच्या चिपट्या, आणि प्रत्येक चिपटीला हिरवा रंग. एक कडुलिंबाच्या जून पाल्यासारखी काळसर, एक मुगाच्या शेंगेची, एक शेवाळी, एक पोपटी, आणि एक पिस्त्याची, इतकी फिकी की भिवरा आत्याला ती हिरवी दिसेचना. वर तुझा हुकूम: ‘ओसरी, माजघर, सैपाकघर, देवघर, सगळं घर हिरवं करायचं. कुठल्या खोलीला कुठला हिरवा, ते तू निवड. फक्त तुझ्या खोलीचा रंग मी मागाहून कळवतो.’

आता मी विचारते. तू तिकडं हैदराबादेत बंगले रंगवणाऱ्या ठेकेदाराकडं मुकादम आहेस, तुला रंगातलं कळतं, कबूल. पण आपल्या माळवदाच्या घराला आजवर पांढऱ्या मातीशिवाय काही लागलेलं नाही. दिवाळीला सगळं सारवून झालं. दिवाळी सरल्यावर घर रंगवतं कोण? तुळशीचं लग्न झाल्यावर ज्याच्या दारात मांडव पडायचा असतो, तो. आणि हिरवा निवडायला तुला सगळ्या मुलखात मीच सापडले? आबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच, मी आणि आबांची ही बहीण. दोन पांढरी कपाळं. ज्या बाईनं कळत्या वयापासून हिरवा दोरासुद्धा अंगाला लावला नाही, तिला विचारतोस पोपटी बरा की मुगिया?

आत्या चिपट्या पाहून काय म्हणाली, जसंच्या तसं लिहिते. “सुबद्रे, पोरगं लगीन करतंय. नवरीच्या मानसांनी हिरवं घर मागितलं असंल. तुजी खोली कावून मागं ठिवली, कळंना का? तू आपलं बोचकं बांधून ठीव.”

मी तिला गप्प बसवलं, पण माझ्या मनातलंच ती बोलली. तू लग्न कर, मी काय आडवी येणार? पण मला या घरातून जायचं असेल तर ते रंगाच्या आडून सांगू नकोस. युसूफवडगावला मामांच्या दारात या वयात कुठल्या तोंडानं उभी राहू?

आणखी एक. अक्षर तुझं वाटतं, पण बोलणं तुझं वाटत नाही. तू त्रिंबकच असशील तर एवढं कळव: तुझ्या कुठल्या तळहाताला वण आहे, आणि तो कशाचा?

तुझी अक्का,
सुभद्रा


कार्तिक वद्य अष्टमी

त्रिंबक,

तुझं उत्तर मिळालं. ‘डाव्या. पण तो विळ्याचा नाही, तुला तसं वाटतं. भेटीत सांगेन.’

विळ्याचा नाही म्हणजे काय रे? मीच त्यावर हळद दाबली होती. तू तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतास, मूठ उघडायला तयार नव्हतास, बोटांतून रक्त गळत होतं. कशानं कापलं विचारलं तर विळा म्हणालास. आता म्हणतोस नाही. जो माणूस विळ्यापुरतंसुद्धा तीस वर्षं लपवतो, तो लग्न लपवणार नाही कशावरून? त्याबद्दल मी सरळ विचारलं होतं. तुझ्या पत्रात हो नाही, नाही पण नाही. फक्त ‘बंकट रंगाऱ्याला पाठवतो आहे, त्याला जेवायला वेळेवर घाल.’

गावात आता चर्चा सुरू झाली आहे. आसाराम आपल्या पारावरून ओरडला, “काय सुबद्राबाई, उरूस भरवायचाय का? घराला चादर चढवायलेत म्हनं!” मी म्हटलं, भरला उरूस तर तुलाच बोलावते ढोल बडवायला. हसले सगळे. पण हसून झाल्यावर जो तो विचारतोच, कार्य कुणाचं? मी काय सांगू? माझ्या घरचं कार्य मलाच ठाऊक नाही.

तरी तू सांगितलंस म्हणून रंग निवडले. घराचं नुकसान होऊ नये एवढ्यासाठी, दुसरा काही अर्थ काढू नकोस. ओसरीला कडुलिंबाचा द्यावा, माणसं पाठ टेकून बसतात, मळ दिसणार नाही. सैपाकघराला शेवाळी, धूर पोटात घेईल. माजघराला मुगाच्या शेंगेचा. तिथं उजेड कमी, पण दुपारी दारातून ऊन आत आलं की तो चांगला उठेल. मी चिपटी भिंतीला लावून पाहिली, सकाळी एकदा, दुपारी एकदा. देवघराला पिस्ता. पोपटी कुठंच नको. पोपटी नव्या नवरीचा रंग. ती चिपटी आत्या चुलीत घालणार होती, म्हणून मी उशाखाली ठेवली आहे. लाकूड चांगलं आहे.

तू घर सोडलंस तेव्हाचं मी कधी काढलं नाही, आताही काढणार नव्हते. पण तू आबांसमोर उभं राहून म्हणालास, अक्काचा पाट लावा, तिचं दुसरं लग्न करा, आणि आबा म्हणाले, पाटलाच्या घरात पाट? आधी तू बाहेर हो. तू खरंच बाहेर झालास. मी दाराआड होते, सगळं ऐकलं. तेव्हा माझ्यासाठी घर सोडणारा त्रिंबक आता मला घराबाहेर काढेल, हे मनाला पटत नाही. पण माणूस शहरात राहिला की बदलतो, हेही खरं. तुझ्या बदलाचं मला काय माहीत? तू वर्षावर्षानं एक कागद पाठवतोस.

अक्का


मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

त्रिंबक,

बंकट आला. कामाला वाईट नाही. चुना भिजवून निवळू देतो, नीळ आणि पिवळी पेवडी वेगवेगळी खलतो, सरस घालून ढवळतो, मग भिंतीच्या कोपऱ्यात एक बोट लावून वाळायची वाट पाहत विडी ओढतो. ओला असताना रंग खोटं बोलतो, म्हणतो, वाळल्यावर खरं सांगतो. माणसांचंही तसंच आहे, मी म्हटलं.

ओसरी झाली, माजघर झालं. माजघर चांगलं झालं, हे लिहायला हरकत नाही.

आता तुझ्या कपटाकडं येते. काल मी बंकटला विचारलं, कोपऱ्यातल्या माझ्या खोलीचं काय? तो म्हणाला, “बाई, मालकानं शपथ घातलीय. म्हनले, बाकीच्या खोल्या कशाबी होऊ दे, पर ती एक जिवापाड कर. तिचा नमुना चिपटीवर न्हाई, ह्यो हाय.” आणि कमरेच्या चंचीतून फडक्याची पुरचुंडी काढली. आत बांगडीच्या काचेचा तुकडा. हिरवागार, मधून बारीक पिवळी रेघ. “ह्या काचंशी भिंत जुळवायची,” म्हणाला.

कुणाची बांगडी, विचारलं तर, “मला काय ठावं? मालकानं देताना दोनदा परत घेतली मातूर.”

तर मग कुणाची? माझ्या खोलीची भिंत जिच्या चुड्याशी जुळवायची, ती कोण? मी काही वेडी नाही, त्रिंबक. नवरीची खोली नवरीच्या चुड्याच्या रंगाची करायची, आणि तिथल्या म्हातारीला मागाहून कळवायचं. हे झालं. मला वाईट वाटलं, पण तेवढ्यावर मी थांबले असते. बोचकंही बांधलं असतं.

पण तुकडा हातात घेतल्यावर मला त्याचा वाक फार आवळ वाटला. मी वाट्या काढल्या आणि एकेकीच्या काठाला तो लावून पाहिला. आमटीच्या वाटीला बसेना. तुपाच्या वाटीला बसेना. शेवटी बसला तो तुला लहानपणी जिनं दूध पाजायचे त्या वाटीला. मोठ्या बाईचा हात त्या बांगडीतून जाणार नाही. आठ-नऊ वर्षांची पोर असेल, फार तर दहाची.

त्रिंबक, तुझ्या मिशीत पांढरे केस आले आहेत. लाज नाही वाटली? अरे, तुला नाही तर कुणाला ठाऊक आहे या घरात काय झालं ते? मी नऊ वर्षांची होते. नवऱ्याचं तोंड मी अंतरपाटापलीकडं एकदा पाहिलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिकडून सांगावा आला की पटकीनं गेला. मला पटकी कशी असते तेही माहीत नव्हतं. मी लगोरी खेळत होते. तिथून उचलून आणलं आणि आपल्या दारच्या पायरीवर बसवलं. पुढचं तूही पाहिलंस, तू तिथंच उभा होतास. आता तू चाळिशीला टेकल्यावर अशीच एक पोर आणणार, आणि उद्या तू डोळे मिटलेस की तिला त्याच पायरीवर बसवायला मी जिवंत राहू?

ते माझ्यानं होणार नाही. मी खोलीला कुलूप घातलं आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे. बंकटला सांगितलंय, बाकीचं काम कर, या दाराला हात लावलास तर जेवण बंद. तुला लग्न करायचं तर माझ्या अंगावरून जा. यापुढं मला अक्का म्हणून लिहू नकोस.

सुभद्रा


मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

त्रिंबक,

मागचं पत्र तुला पोचायच्या आत हे पोचलं तर बरं. ते आधी मिळालं असेल तर तसंच ठेव, फाडू नकोस. त्यातलं लहान पोरींबद्दलचं जे आहे ते खरंच आहे. बाकीचं तुझ्याबद्दल नव्हतं असं समज.

काय झालं ते सांगते. मी तो तुकडा आत्याला दाखवायला नेला. तुला शिव्या द्यायला मला जोडीदार हवा होता, आणि शिव्यांत आत्याचा हात कुणी धरत नाही. ती शेंगा फोडत बसली होती. तिनं तुकडा घेतला, दारात उजेडाला धरला, उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, “ह्यो कुठनं आला?”

मी म्हटलं, तुझ्या भाच्याच्या नवरीचा.

“कुनाची नवरी? ह्यो तुजा हाय.”

ती पिवळ्या रेघेवरून नख फिरवत होती. “ह्या रेघंचा चुडा गेवराईच्या बाजारात मीच निवडला व्हता तुज्या लग्नात. अन् पायरीवर फोडला बी मीच. तुजी आई उठायच्या गतीत नव्हती, मग मलाच म्हनले. गंगेत सोडाया तुकडं येचलं, जुळवून बघितलं, तर एका काकनाचं एक खांड कमी. लेकराच्या पायात घुसंल म्हून आंगन झाडून काढलं. लई हुडकलं. न्हाई गावलं.”

तेव्हा मला तुझी मूठ आठवली, त्रिंबक.

मी इकडं हुंदके देत होते, मनगटं सोललेली होती, आणि तू खांबाशी उभा होतास मूठ आवळून, आणि बोटांतून रक्त येत होतं. मला वाटलं हा कुठं विळ्याशी खेळून आला. त्या दिवशी माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं म्हणून मी उठून तुझ्याकडं पाहिलं. हळद आणली, मूठ सोडवली. मूठ रिकामी होती. तोवर तू तो तुकडा कुठं तरी लपवला असणार. केवढासा होतास तू! आणि इतकी वर्षं जपलास. हैदराबादेला नेलास. आबांनी तुला नेसत्या वस्त्रानिशी घालवलं तेव्हाही तो तुझ्याजवळ होता का रे?

आता मला सगळं लख्ख कळलं. तू मला हिरवं लुगडं पाठवलं असतंस तर गावानं दोघांना गाढवावर बसवलं असतं. बांगड्यांचं तर बोलायलाच नको. एकटी माझी खोली हिरवी करायला सांगितली असतीस, तरी आत्यापासून आसारामपर्यंत सगळ्यांनी विचारलं असतं, रांडवाच्या खोलीला हिरवा कशाला? म्हणून सगळंच घर हिरवं केलंस. पाच हिरव्यांत एक हिरवा कुणाच्या डोळ्यांत येणार आहे? भिंत काही कपाळाला कुंकू लावत नाही, तिला कुणी नियम घातलेले नाहीत. हे तुला कितव्या वर्षी सुचलं?

आणि मला कळवलं नाहीस, कारण कळवलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. खरंय. नक्की नाही म्हटलं असतं. माझी तेवढी पारख तुला आहे, आणि मला तुझी नव्हती, हे मला फार लागलं. दिवसभर लागत राहिलं.

किल्ली बंकटला दिली. तो म्हणाला, “आता उघडलं व्हय! कावून बंद केलतं?” मी म्हटलं, उंदीर झाले होते.

अक्का


मार्गशीर्ष पौर्णिमा

त्रिंबक,

तुझ्या खोलीचं, म्हणजे माझ्या खोलीचं काम संपलं. बंकटनं दोनदा रंग मोडला. पहिल्यांदा निळसर गेला, दुसऱ्यांदा पिवळट. तो काच भिंतीला टेकवून डोळा बारीक करी, मान हलवी, पुन्हा खलायला बसे. तिसऱ्या वेळी टेकवली आणि काच दिसेनाशी झाली. फक्त पिवळी रेघ भिंतीवर उरली. तेव्हा तो म्हणाला, आता झालं, आणि मी बाहेर गेले, कारण चूल पाहायची होती.

वाळला की नाही ते पाहायला म्हणून मी दुपारी आत गेले. ओला असताना रंग खोटं बोलतो हे मला ठाऊक होतं, तरी भिंतीला हात लावला. नुसतं बोट नाही, अख्खा हात लावला, आणि वर सरकवला. रंग ओला होता. तळवा हिरवा झाला आणि मनगटाभोवती एक पट्टा उठला, चुन्याचा असल्यानं थंडगार. मी तसाच हात पुढं धरून उभी राहिले. तेवढ्यात दारात आत्या.

मला वाटलं आता ही सगळ्या गल्लीला गोळा करणार. ज्या हातानं फोडला त्याच हातानं आता हेही पुसणार. मी पदराखाली हात घेतला. ती आत आली, भिंतीकडं पाहिलं, माझ्या पदराकडं पाहिलं. मग पदर बाजूला करून माझं मनगट हातात घेतलं आणि म्हणाली, “धू नगं. वाळू दे.” आणि थोडं थांबून म्हणाली, “माजं काकन कुनी उचललं न्हाई.”

त्रिंबक, या बाईला मी जन्मभर त्या पायरीवरची म्हणूनच पाहत आले. ती स्वतः कुठल्या पायरीवर बसली होती, ते मी एकदाही विचारलं नाही.

बाकी खुशाली. आसाराम घर पाहून गेला. सगळ्या खोल्या हिंडला, माझ्या खोलीतही डोकावला आणि म्हणाला, “समदं येकसारखंच दिसतंय की!” मी म्हटलं, हो ना. पोपटी चिपटी मी उशाखालून काढून बंकटला दिली आणि ओसरीच्या दाराला तोच रंग लावून घेतला. तुझं खरंच कुठं जमत असेल तर दार तयार आहे, पण पोर चांगली वीस वर्षांची पाहा, आणि मला आधी कळव. नाहीतर मी पुन्हा काय काय समजेन ते तुला माहीत आहे.

तो तुकडा माझ्याजवळ आहे. टपालानं पाठवणार नाही, काच आहे, वाटेत फुटायची. हवा असेल तर घ्यायला ये, आणि या वेळी दोन घास खाऊन पळू नकोस.

आज जेवणं झाल्यावर आत्यानं माजघरातली आपली वळकटी उचलली आणि माझ्या खोलीत आणून भिंतीलगत पसरली. तिकडं ऊन लागतं म्हणाली. मार्गशीर्षात माजघरात ऊन लागतं कुणाला? मी माझी वळकटी जराशी अलीकडं ओढून तिला जागा करून दिली.

तुझी अक्का,
सुभद्रा